दारावरची दोन अक्षरं : बर्कलीतल्या एका पंक सभागृहाचा इतिहास



आजच्या व्याख्यानाची सुरुवात आपण एका यादीपासून करू या. अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्कोच्या खाडीभोवतीच्या परिसरात गेली अनेक वर्षं एक यादी फिरते आहे. पंक, थ्रॅश, स्का आणि त्यांच्या भावकीतल्या संगीताचे येत्या दिवसांत कुठे कोणते कार्यक्रम आहेत, याची ही यादी. ती कोणा कंपनीची नाही. एका रसिकाने हौसेनं चालवलेली आहे. आधी तिच्या झेरॉक्स प्रती हातोहात जायच्या, पुढे ती ईमेलनं जाऊ लागली. तिच्यात चित्र नाही, सजावट नाही. तारीख, एका ओळीत बँडांची नावं, ठिकाण, तिकीट, वेळ. संपलं.

पण ओळीच्या शेवटी काही खुणा असतात. चांदणी असेल तर कार्यक्रम आवर्जून ऐकावा असा. डॉलरचं चिन्ह असेल तर तिकिटं संपण्याची शक्यता. ईमेलच्या पत्त्यात असतं ना, ते गोल शेपटीचं चिन्ह? ते दिसलं की समजायचं, रंगमंचासमोर ढकलाढकली होणार, चष्मा सांभाळा. आणि एक खूण असते ‘ए/ए’. म्हणजे ‘ऑल एजेस’. वयाची अट नाही, कोणीही या.

आज आपल्याला बोलायचं आहे ते या दोन अक्षरांबद्दल. ती एका सभागृहाच्या दारावर कशी आली, ती टिकवण्यासाठी कोणी काय सोडलं आणि ती टिकवता टिकवता कुठे चूक झाली, एवढाच आजचा विषय.

आधी एक कबुली देऊन टाकतो. आमचं वय आता पंचाहत्तरच्या घरात आहे आणि या संगीताचा आवाज आमच्या कानांना सोसत नाही. नातवंडांनी ऐकवलं, तेव्हा दुसऱ्या गाण्याला आम्ही हात वर केले. तेव्हा हे रसग्रहण नव्हे. आम्ही आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं, आणि वर्गात एक प्रश्न फार वेळा फळ्यावर लिहिला : स्वातंत्र्याला नियम लागतात का? या सभागृहाच्या इतिहासात त्या प्रश्नाची जी उत्तरं सापडली, ती पाठ्यपुस्तकात नव्हती. याच प्रश्नाचं एक उत्तर आम्ही एकदा विद्यार्थ्यांना चुकीचं दिलं होतं. त्याकडे शेवटी येऊ.

आता पंक म्हणजे काय, हे दोन मिनिटांत बघू. १९७३ च्या डिसेंबरात न्यूयॉर्कच्या बावरी नावाच्या, तेव्हा अगदी रया गेलेल्या रस्त्यावर हिली क्रिस्टल या गृहस्थाने एक बार उघडला. नाव ठेवलं ‘सीबीजीबी’. ही अक्षरं कंट्री, ब्लूग्रास आणि ब्लूज या संगीतप्रकारांची. म्हणजे मालकाच्या मनात वेगळंच संगीत होतं! वाजलं मात्र भलतंच. १९७४ च्या ऑगस्टमध्ये तिथे ‘रमोन्स’ हा बँड पहिल्यांदा उभा राहिला. तीन-चार स्वरमेळ, दोन-दोन मिनिटांची गाणी, प्रचंड वेग. १९७६ साली आलेल्या त्यांच्या पहिल्या तबकडीत चौदा गाणी आहेत आणि ती सगळी मिळून अर्ध्या तासाच्या आत संपतात. त्याच सुमारास लंडनमध्ये ‘सेक्स पिस्टल्स’ गाजत होते. त्यांचा अमेरिकेतला दौरा १४ जानेवारी १९७८ रोजी सॅन फ्रान्सिस्कोच्या ‘विंटरलँड’मध्ये संपला आणि त्याबरोबर तो बँडही मोडला.

यातली इतिहासाच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट कोणती? गाणं सोपं झालं. इथे सोपं म्हणजे हलकं नव्हे. वीस वर्षांची तालीम न करता पंधरा वर्षांचा मुलगा ते वाजवू शकतो, असं झालं. आपल्याकडे गुरूच्या घरी राहून, सेवा करून मग स्वर लावायला मिळायचा. इथे उसन्या गिटारवर तीन स्वरमेळ बसले की पुढच्या महिन्यात कार्यक्रम! संगीताचं दार एका पिढीला अचानक उघडलं.

पण सभागृहाचं दार बंदच होतं. ते का, हे समजून घ्यायला थोडं अर्थकारण बघावं लागेल.

छोट्या बँडचा कार्यक्रम ठेवणाऱ्या जागेचं पोट तिकिटावर भरत नाही, ते बारवर भरतं. साठ-सत्तर माणसं आली, प्रत्येकाने दोन-तीन पेले घेतले की त्यातून भाडं निघतं. संगीत हे गिऱ्हाईक आत आणण्याचं साधन. आणि दारूसाठी कायद्याने वय लागतं. कॅलिफोर्नियात १९३३ साली दारूबंदी उठली, तेव्हापासून ही मर्यादा एकवीस वर्षांची आहे. १९८४ मध्ये अमेरिकेच्या केंद्र सरकारने कायदा केला, की जी राज्यं ही मर्यादा एकवीसवर नेणार नाहीत त्यांचं महामार्गांसाठीचं अनुदान कापलं जाईल. १९८८ पर्यंत सगळी राज्यं रांगेत आली. कायद्यामागचा हेतू चांगला होता. तरुण मुलं दारू पिऊन गाड्या चालवत होती, मरत होती. पण त्याचा परिणाम बघा. बँडमधला ढोल बडवणारा सतरा वर्षांचा, त्याचे ऐकणारे मित्र सोळा वर्षांचे आणि कार्यक्रमाच्या जागेत प्रवेश एकविसाव्या वर्षी!

यातून पळवाटा निघाल्या. कॅलिफोर्नियाच्या नियमाप्रमाणे जिथे खरोखरचं जेवण मिळतं, त्या जागेत लहान मुलं बसू शकतात, निव्वळ बारमध्ये नाही. म्हणून सॅन फ्रान्सिस्कोतल्या पंकचं पहिलं घर कोणतं, तर ‘माबुहाय गार्डन्स’ नावाचं फिलिपिनो खाणावळीचं ठिकाण. १९८० साली वॉशिंग्टनहून ‘टीन आयडल्स’ नावाचा पोरसवदा बँड तिथे वाजवायला आला. दारावरच्या माणसाने त्यांच्या हातांवर काळी फुली मारली. फुली दिसली की दारू द्यायची नाही, एवढाच अर्थ. मुलांना कल्पना आवडली. त्यांनी आपल्या शहरात परतून जागामालकांना सांगितलं, आमच्या हातावर फुली मारा, पण आम्हाला आत घ्या. पुढे तीच फुली दारूला स्वतःहून नकार देणाऱ्या तरुणांची निशाणी बनली. नाकारण्यासाठी मारलेली खूण मुलांनी अभिमानाने मिरवली. खुणेचा अर्थ मारणाऱ्याच्या हातात राहत नाही, हे आपल्या इतिहासातही आपण पाहिलेलं आहे.

आता बर्कलीला येऊ. बर्कली हे विद्यापीठाचं गाव. १९६४ च्या विद्यार्थ्यांच्या भाषणस्वातंत्र्याच्या चळवळीमुळे आपल्यापैकी अनेकांना ठाऊक असेल. तिथल्या एका रेडिओ केंद्रावर १९७७ पासून टिम योहानन आणि त्यांचे सहकारी ‘मॅक्झिमम रॉक अँड रोल’ हा कार्यक्रम करत. १९८२ पासून त्याच नावाचं मासिक निघू लागलं. स्वस्त कागद, बारीक टाईप आणि जगभरच्या पंक मंडळींची पत्रं. आपल्याकडच्या लघु अनियतकालिकांची आठवण यावी असा सगळा मामला. फरक इतकाच, की हे नियमित निघायचं!

त्या काळात पंकच्या कार्यक्रमांत मारामाऱ्या फार वाढल्या होत्या. वर्णद्वेष्टी टोळकी येत, एखाद्याला घेरून मारत. मुली मागे सरकत सरकत शेवटी येईनाशा झाल्या. योहानन आणि त्यांच्याबरोबरच्या तरुण मंडळींनी ठरवलं, की आपली जागा हवी. पश्चिम बर्कलीत, कारखाने आणि गोदामांच्या वस्तीत, ९२४ गिलमन स्ट्रीट या पत्त्यावर एक गाळा मिळाला. शेजारी खुर्च्या विणायच्या वेताचं दुकान. मासिकातून जमलेला पैसा त्यात ओतला. परवाने मिळवण्यात, भिंती बांधण्यात, स्वच्छतागृहं नीट करण्यात महिने गेले. ३१ डिसेंबर १९८६ च्या रात्री पहिला कार्यक्रम झाला. लोक त्याला नुसतं ‘गिलमन’ म्हणू लागले.

त्याचे नियम भिंतीवर मोठ्या अक्षरांत रंगवले. दारू नाही. अमली पदार्थ नाहीत. मारामारी नाही. वर्णद्वेष नाही, स्त्रियांची हेटाळणी नाही, समलिंगी माणसांची हेटाळणी नाही. आत येणाऱ्याने सभासद व्हायचं. वर्षाची वर्गणी दोन डॉलर, आणि हे नियम पाळीन अशी सही. काम करणारे सगळे स्वयंसेवक. दारावर बसणं, ध्वनियंत्रणा लावणं, रात्री झाडू मारणं, सगळं सभासदांकडे. महिन्यातून दोनदा सभा. तिथे आलेल्या कोणत्याही सभासदाला मत. मग तो पन्नाशीचा संपादक असो की चौदा वर्षांची शाळकरी मुलगी.

इथे जरा थांबू. बाहेरून बघणाऱ्याला यात विसंगती वाटते. बंडखोरांचं संगीत, आणि भिंतीवर शाळेसारखे नियम! पण हिशेब नीट करून बघा. दारू हा त्या धंद्याचा कणा. तो काढून टाकला की उत्पन्न बुडतं, पण वयाची अटही जाते. आपल्या भाषेत सांगायचं तर दारू गेली आणि दार उघडलं. हा नियम मुलांना वळण लावण्यासाठी केलेला नव्हता. ती दाराची किंमत होती, आणि ती किंमत प्रौढांनी मोजायची होती. आपल्या वाटणीचा पेला सोडून.

आणि हे अगदी नवीन नाही. भरताच्या नाट्यशास्त्राचा पहिला अध्याय आठवा. वेद सगळ्यांना ऐकायला मिळत नव्हते, म्हणून सर्व वर्णांसाठी पाचवा वेद निर्माण झाला, तो नाट्यवेद. त्यासाठी वापरलेला शब्द आहे ‘सार्ववर्णिक’. पुढे काय होतं? पहिल्याच प्रयोगात विघ्नं येतात, दंगा होतो, नटांची वाचा आणि हालचाल थिजते. इंद्र जर्जर नावाचा दंड घेऊन दंगेखोरांना झोडपतो. पण तेवढ्याने भागत नाही. मग ब्रह्मदेव विश्वकर्म्याला सांगतो, की नाट्यगृह बांध. आणि त्या वास्तूच्या प्रत्येक भागावर एकेका देवतेला राखणीला बसवतात. दारावर कोण? कृतांत आणि काळ! म्हणजे बघा, जे सर्वांसाठी खुलं आहे, त्याच्या दारावरच सगळ्यात कडक पहारा. त्या रंगभूमीच्या एका भागाचं नाव ‘मत्तवारणी’ आहे. त्याचा अर्थ काय यावर पंडितांचं अजून एकमत नाही, तेव्हा ‘मत्त झालेल्यांना आवरणारी’ असा अर्थ लावून आम्ही गिलमनचा नियम भरतमुनींच्या नावावर खपवणार नाही. मोह होतो, एवढं खरं.

भरताचा क्रम लक्षात ठेवण्यासारखा आहे. आधी सर्वांसाठी म्हणून घोषणा, मग दंगा, मग दंडुका, आणि शेवटी वास्तू व व्यवस्था. गिलमनही त्याच क्रमाने गेलं.

आता एक गमतीचा प्रयोग सांगतो. आपण सुरुवात केली आगामी कार्यक्रमांच्या यादीपासून. गिलमनच्या सुरुवातीच्या काळात योहानन यांचा आग्रह होता, की कोणता बँड वाजवणार हे आधी जाहीरच करायचं नाही! लोकांनी नावासाठी येऊ नये, जागेसाठी यावं. आज कोण आहे हे माहीत नसताना आलात, तरच तुम्ही खरे इथले. नामवंत आणि नवखा यांच्यातला भेदच पुसून टाकायचा. तत्त्व म्हणून किती शुद्ध! पण माणसं अशी येत नाहीत हो. शनिवारची संध्याकाळ, दोन बस बदलून यायचं, आईची परवानगी काढायची, आणि कोण वाजवणार ते ठाऊक नाही? प्रयोग फार टिकला नाही. नावं जाहीर होऊ लागली. झेरॉक्स केलेली पत्रकं विजेच्या खांबांवर चिकटू लागली.

आम्हाला यात एक धडा दिसतो. हॅना आरंट यांनी १९५८ च्या ‘द ह्युमन कंडिशन’ या ग्रंथात वचन देण्याच्या शक्तीवर लिहिलं आहे. भविष्य अनिश्चित असतं. त्या अनिश्चिततेत माणसं एकमेकांना शब्द देतात आणि त्यातून थोडी खात्रीची बेटं तयार होतात, अशा आशयाचं ते विवेचन आहे. आगामी कार्यक्रमांची यादी म्हणजे असाच शब्द. अमुक तारखेला, अमुक वाजता, कुणीतरी कुलूप उघडेल, वायरी जोडेल, दिवा लावेल. योहानन यांना यादीत जाहिरात दिसली. मुलांना तिच्यात वचन दिसत होतं. दोघंही खोटे नव्हते.

१९८८ मध्ये मूळच्या मंडळींनी जागा बंद केली. इथे गोष्ट संपायची. पण ज्यांनी दोन वर्षं झाडू मारला होता, त्यांनीच पुढे येऊन ती पुन्हा उघडली. संस्थापक गेल्यावर संस्था उरते का, ही कोणत्याही संस्थेची खरी परीक्षा. आपल्याकडे पुष्कळ संस्था या परीक्षेला बसतच नाहीत, संस्थापकांबरोबरच जातात किंवा त्यांच्या मुलाकडे जातात! गिलमन तरलं, कारण कामाची माहिती एका डोक्यात नव्हती. ध्वनियंत्रणा कशी लावायची, घरमालकाशी कसं बोलायचं, रागावलेल्या माणसाला दारावर कसं शांत करायचं, हे बऱ्याच हातांना ठाऊक झालं होतं.

त्या हातांनी काय घडवलं? ‘ऑपरेशन आयव्ही’ हा बँड १९८७ मध्ये सुरू झाला. अमेरिकेच्या १९५२ सालच्या अणुचाचण्यांच्या मालिकेचं नाव त्यांनी घेतलं होतं. २८ मे १९८९ रोजी त्यांचा निरोपाचा कार्यक्रम याच खोलीत झाला. त्याच कार्यक्रमात नुकतंच नाव बदललेला आणखी एक पोरांचा बँड होता, ‘ग्रीन डे’. गावातल्या ‘लुकआउट’ या छोट्या कंपनीने दोघांच्या तबकड्या काढल्या. मग १९९३ मध्ये ‘ग्रीन डे’ने मोठ्या रेकॉर्ड कंपनीशी करार केला. १ फेब्रुवारी १९९४ ला ‘डूकी’ आली आणि एकट्या अमेरिकेत तिच्या एक कोटीहून अधिक प्रती गेल्या.

आणि गिलमनचा एक नियम असा, की मोठ्या कंपनीशी करार केलेल्या बँडला इथे वाजवता येणार नाही. ज्या खोलीत ही मुलं मोठी झाली, तिचंच दार त्यांना बंद झालं.

यावर आम्ही पुष्कळ विचार केला. पहिल्यांदा वाटतं, हा मत्सर आहे. यशस्वी झालेल्या मुलाला घरात घेत नाहीत! पण दुसरी बाजूही आहे. छोट्या खोलीत लाखांच्या खपाचा बँड आला, तर त्या रात्री बाहेर हजारोंची रांग लागेल, आणि त्यानंतरच्या शनिवारी वाजवणाऱ्या नवख्या पोरांना कोणी विचारणार नाही. कंपन्यांचे लोक पाहणीला येऊन बसतील. जागा पायरी होईल, वर चढून जायची. आपल्या प्रायोगिक रंगभूमीच्या मंडळींना हे वेगळं सांगायला नको. तेव्हा नियमाला कारण होतं. आम्ही त्या सभेत असतो तर कदाचित त्याच बाजूनं हात वर केला असता.

पण नियमाला कारण असणं वेगळं, आणि नियमातून द्वेष पाझरणं वेगळं. ७ मे १९९४ च्या रात्री काय झालं ते ऐका. जेलो बियाफ्रा, ‘डेड केनेडीज’ या बँडचे गायक. मोठ्या कंपन्यांवर सतत टीका करणारा माणूस. स्वतःची स्वतंत्र रेकॉर्ड कंपनी चालवणारा. १९७९ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या महापौरपदासाठी उभा राहिलेला. एका तबकडीसोबतच्या चित्रावरून १९८७ साली अश्लीलतेच्या खटल्याला सामोरा गेलेला. तो खटला ज्यूरीत एकमत न झाल्याने बारगळला. असा हा माणूस त्या रात्री गिलमनमध्ये श्रोता म्हणून आला होता. काही जणांनी त्यांना ‘विकला गेलेला’ म्हणत खाली पाडून मारलं. पायाला गंभीर इजा झाली.

भिंतीवर नियम होता, मारामारी नाही. त्याच भिंतीखाली हे घडलं. आणि ते बाहेरच्या वर्णद्वेष्ट्या टोळीनं केलं नाही. ‘शुद्ध कोण आणि बाटलेला कोण’ या भाषेत बोलणाऱ्यांनी केलं.

मंडळी, ही भाषा आपल्याला परकी आहे का? सोवळं-ओवळं आपण ज्या समाजात शिकलो, तिथे बाटण्याचा अर्थ काय असतो हे कोणी सांगायला नको. दार उघडण्यासाठी केलेला नियम आणि माणूस बाटला म्हणून दार लावणारा नियम, दोन्ही कागदावर सारखेच दिसतात. दोन्ही ‘नाही’नं संपतात. फरक कसा ओळखायचा? आमची कसोटी अगदी साधी आहे. नियमाने खोलीत कोण आलं आणि नियमाने कोण गेलं, ते मोजा. दारूबंदीमुळे चौदा वर्षांची मुलगी आत आली. मारामारीच्या नियमाने मागे सरकलेल्या मुली पुन्हा पुढे आल्या. वर्णद्वेषावरच्या बंदीने मार खाणारे आत आले, मारणारे बाहेर गेले. पण ‘विकला गेलेला’ या शब्दाने कोण आत आलं? आम्हाला तरी कोणी दिसत नाही.

टिम योहानन ३ एप्रिल १९९८ रोजी कर्करोगाने गेले. वय अवघं बावन्न. सभागृह चालूच राहिलं. आजूबाजूची वस्ती बदलली, कारखान्यांच्या जागी झकपक दुकानं आली, भाडी वाढली. १९९७ मध्ये जवळच एक मोठी ब्रुअरी आणि तिचा बिअर बार सुरू झाला, आणि लोकांच्या डोळ्यांत मात्र दारू न पिणारी ही पोरंच खुपत राहिली. काळाचा विनोद म्हणायचा.

आणि मग २०१५. मार्च महिन्यात शेजारच्या ओकलंडमध्ये एका इमारतीला आग लागली. दोन माणसं गेली. ‘ए के प्रेस’ या राजकीय पुस्तकांच्या प्रकाशनाचं आणि एका छापखान्याचं मोठं नुकसान झालं. त्यांच्या मदतीसाठी १७ मे रोजी गिलमनमध्ये कार्यक्रम झाला. वाजवलं कोणी? ‘ग्रीन डे’ने. वीस वर्षांहून अधिक काळाने. नुकताच महिन्याभरापूर्वी त्यांचा रॉक संगीताच्या सन्मानदालनात समावेश झालेला, जगभर मैदानं भरवणारा बँड, आणि ते त्या गोदामात, जळलेल्या छापखान्यासाठी उभे राहिले. नियमाने त्या एका रात्री वाट दिली. पण आपल्या कसोटीला लावून बघा. त्या रात्री दार कशासाठी उघडलं? कुणाच्या पदरी यश घालायला नव्हे. शेजाऱ्याचं छप्पर पुन्हा उभं राहावं म्हणून.

आता आमची गोष्ट, जी सुरुवातीला बाकी ठेवली होती.

आम्ही विभागप्रमुख होतो, तेव्हाची ही हकिकत. काही मुलं-मुली आली. म्हणाली, सर, रविवारी महाविद्यालयाचं सभागृह रिकामं असतं. आम्हाला द्या. आम्ही स्वतः लिहिलेली गाणी म्हणू, शेजारच्या वस्तीतली मुलंही येतील. गिटार होती, ढोलकी होती. आम्ही त्यांना बसवलं, चहा दिला आणि विचारलं, जबाबदारी कोण घेणार? खुर्ची तुटली तर? भांडण झालं तर? मुलं एकमेकांकडे बघत राहिली. आम्ही म्हणालो, मग कसं द्यायचं? मुलं नमस्कार करून गेली. पुन्हा आली नाहीत. त्यातला एक फार चांगलं लिहायचा. पुढे त्याने लिहिल्याचं आमच्या कानावर आलं नाही.

ते सभागृह आमच्या घरचं नव्हतं, तरी निर्णय आमचा होता. वाईट एवढ्याचंच वाटतं, की आम्ही विचारलेला प्रश्न बरोबर होता. जबाबदारी कोण घेणार? फक्त तो आम्ही दार लावण्यासाठी विचारला. बर्कलीतल्या मंडळींनी तोच प्रश्न मुलांना दार उघडताना विचारला, आणि उत्तर त्यांच्याकडूनच भिंतीवर लिहून घेतलं. आम्ही म्हणू शकलो असतो, की बाळांनो, कागद घ्या, तुमचे नियम तुम्हीच लिहा, रविवारी झाडू कोण मारणार त्याची नावं लिहा, आणि पहिल्या दिवशी आम्ही दारावर बसतो. नाही सुचलं. इतकं कांट आणि रूसो शिकवून नाही सुचलं!

आपल्याकडे असं कधी घडलंच नाही, असं मात्र नव्हे. ज्या १९७४ मध्ये न्यूयॉर्कच्या त्या बारमध्ये ‘रमोन्स’ उभे राहिले, त्याच वर्षी दादरला छबिलदास शाळेच्या सभागृहात ‘आविष्कार’ने प्रायोगिक नाटकांसाठी दार उघडलं. दोघांना एकमेकांचा पत्ता नव्हता. संगीत वेगळं, नाटक वेगळं, समाज वेगळा. पण शाळा सुटल्यावर रिकामी पडणारी एक खोली, खाली गल्लीत बटाटेवड्याचा वास, आणि पुढच्या आठवड्यात काय आहे हे बघायला फलकाशी थांबलेली माणसं. आपल्यातल्या पन्नाशी-साठी ओलांडलेल्या पुष्कळांना तो जिना आठवत असेल. एका शाळेने खोली दिली, म्हणून मराठी रंगभूमीची एक पिढी उभी राहिली. आमच्या महाविद्यालयातही खोली होती.

आज या व्याख्यानाला ऑनलाइन बसलेल्यांत मुख्याध्यापक असतील, ग्रंथालयांचे कार्यवाह असतील, मंडळांचे, सोसायट्यांचे पदाधिकारी असतील. तुमच्याकडे कुठल्या ना कुठल्या खोलीची किल्ली आहे. रविवारी ती खोली रिकामी असते. कुणी मुलं येतील, त्यांचं गाणं तुम्हाला सोसणार नाही. आम्हालाही सोसत नाही. त्यांना जबाबदारीचा प्रश्न जरूर विचारा, पण किल्ली हातात ठेवून, दारात उभं राहून विचारा. आणि उत्तर यायला थोडा वेळ द्या.

बर्कलीच्या त्या यादीत गिलमनच्या ओळी असतात. बँडांची नावं बदलत राहतात. त्यातली बहुतेक आपण कधीच ऐकणार नाही, आणि त्यातले बरेच बँड वर्षभरात मोडतील. पण ओळीच्या सुरुवातीला पुढच्या शनिवारची तारीख असते आणि पुढे दोन अक्षरं, ए/ए. म्हणजे त्या दिवशी कुणीतरी वेळेवर जाऊन कुलूप उघडणार आहे.

आज इथेच थांबू. प्रश्न असतील तर घेऊ. आणि ज्यांच्याकडे किल्ली आहे त्यांनी आधी बोलावं, अशी विनंती.